दळण, पीळ आणि लॉराचा हिवाळा: आमच्या मराठी वर्गाच्या प्रकल्प नोंदी

१३ ऑक्टोबर

आज सुरुवात केली एकदाची. मिनेसोटातल्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गात आठ ते बारा वयाची अकरा मुलं आहेत, आणि दरवर्षी हिवाळ्यात आम्ही एक मोठी गोष्ट घेतो. या वर्षी लॉरा इंगल्स वाइल्डरचं 'द लाँग विंटर' घेतलंय. मी इंग्रजीतलं प्रकरण घरी वाचून जाणार आणि वर्गात मराठीत सांगणार, मुलं आपापल्या वहीत मराठीत लिहिणार, आणि मे महिन्यात सगळ्या वह्या घेऊन आम्ही साउथ डाकोटातल्या डी स्मेटला जाणार, म्हणजे जिथे हे सगळं घडलं त्या गावाला. पुस्तकातला हिवाळा १८८० च्या ऑक्टोबरच्या मध्यावर पहिल्या बर्फाच्या वादळाने सुरू होतो आणि मे उजाडेपर्यंत संपत नाही, म्हणून आमचं वेळापत्रकही तसंच.

मुलांना पहिलं सांगितलं ते हे, की लॉरा खरी होती. जन्म १८६७, विस्कॉन्सिनमधल्या पेपिनजवळ. पुस्तक आलं १९४० साली, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर ती तेरा-चौदा वर्षांच्या स्वतःबद्दल लिहीत होती. घरात पा, मा, मोठी मेरी जिची दृष्टी आदल्याच वर्षी आजारपणात गेली होती, मग लॉरा, मग कॅरी, आणि सगळ्यात धाकटी तीन वर्षांची ग्रेस. पा आणि मा याचं आईबाबा करायचं का यावर बराच वाद झाला, शेवटी मुलांनीच ठरवलं की राहू दे, लॉरा जे म्हणायची तेच म्हणूया.

पहिल्या वादळानंतरचा गुरांचा प्रसंग सांगितला. पाला दूरवर गुरं दिसतात, माना खाली घालून स्तब्ध उभी, तो जवळ जातो तर त्यांच्याच श्वासाचा बर्फ होऊन तोंडाभोवती असा गच्च बसलाय की डोकी जमिनीला चिकटलीत. तो एकेकाच्या नाकावरचा बर्फ फोडतो. वर्गात एवढी शांतता मी याआधी अनुभवली नव्हती.

२७ ऑक्टोबर

आज दोन भाषेचे प्रश्न, आणि दोन्ही महत्त्वाचे.

पहिला नावाचा. लॉराला पुस्तकाचं नाव 'हार्ड विंटर' हवं होतं, कारण तिकडचे लोक त्या हिवाळ्याला तेच म्हणायचे, पण प्रकाशकांना ते मुलांच्या पुस्तकासाठी फार कठोर वाटलं आणि 'लाँग' झालं. मराठीत 'लांबलेला हिवाळा' म्हटलं की लग्न लांबल्यासारखं वाटतं. एका मुलीने 'न संपणारा हिवाळा' सुचवलं, आणि दुसरा म्हणाला "पण संपतो ना मावशी, नाहीतर तिने पुस्तक कसं लिहिलं असतं?" शेवटी वहीवर 'कडक हिवाळा' लिहिलंय, लॉराच्या मनातल्या नावाच्या जवळचं.

दुसरा प्रश्न अवघड आहे. गावातल्या दुकानात एक वृद्ध मूळनिवासी माणूस येतो आणि सगळ्यांना सावध करतो, की दर सातवा हिवाळा कडक असतो आणि तीन वेळा सात झाले की सगळ्यात कडक, सात महिने बर्फ. त्याचं म्हणणं पुढे शब्दशः खरं ठरतं, अख्ख्या पुस्तकात सगळ्यात शहाणं बोलणारा माणूस तोच आहे. पण लेखिकेने त्याच्या तोंडी मोडकं-तोडकं इंग्रजी घातलंय. ते तसंच मोडक्या मराठीत आणलं असतं तर मुलं हसली असती, आणि मला ते नको होतं, म्हणून मी त्याला सरळ, संथ, पूर्ण वाक्यांत बोलू दिलं, आमच्याकडे पावसाचा अंदाज सांगणारे म्हातारे बोलतात तसं. मूळ पुस्तकात कसं आहे तेही मुलांना सांगितलं, लपवलं नाही. ही जमीन डाकोटा लोकांची होती, १८६२ च्या युद्धानंतर त्याच वर्षी २६ डिसेंबरला आपल्याच राज्यात मॅनकेटोला ३८ डाकोटा पुरुषांना एका वेळी फाशी दिली आणि नंतर त्यांना मिनेसोटातून हुसकून लावलं, आणि त्याच १८६२ साली होमस्टेड कायदा आला ज्याने कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली. पा त्या कायद्याखाली जमीन घेतो. मोठ्या मुलांना हे शाळेत थोडं कळलेलं असतं, पण ते इतिहासाच्या तासाला, आणि लॉरा वेगळ्या तासाला. दोन्ही गोष्टी एकाच जमिनीवरच्या आहेत हे त्यांना आज लागलं. २०१८ साली लॉराच्या नावाच्या बालसाहित्य पुरस्काराचं नाव बदललं गेलं ते याच कारणाने. हे पुस्तक मुलांना द्यावं असं मला मनापासून वाटतं, पण हे सोबत सांगूनच.

३ नोव्हेंबर

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून वर्गात फिरतायत. आज बटणाचा दिवा केला.

गावातलं रॉकेल संपतं तेव्हा मा एका कापडाच्या तुकड्यात बटण ठेवते, कापड वर ओढून दोऱ्याने बांधते, वरच्या टोकाला पीळ देते, आणि बशीत गाडीच्या चाकाचं वंगण घालून त्यात ते उभं करते. मी हे सांगत होते आणि माझी धाकटी मध्येच ओरडली "आई ही तर फुलवात आहे!" आणि खरंच की, तंतोतंत फुलवात, फक्त खाली बटण असल्यामुळे बूड जड. वंगणाऐवजी तूप घेतलं आणि पेटवली. जुन्या सुती ओढणीचा तुकडा उत्तम चालला, टी-शर्टचा धुरकटला. एकेक बटण चाळीस-पन्नास मिनिटं जळलं. बाकी दिवे बंद करून त्या उजेडात वाचून बघितलं तर ओळ दिसते पण पान दिसत नाही, बोट ठेवून पुढे सरकावं लागतं.

१७ नोव्हेंबर

गवताचा पीळ. इथे मी चुकले ते लिहून ठेवते, कुणी पुढे केलं तर उपयोगी पडेल.

कोळसा आगगाडीने यायचा आणि गाड्याच बंद, झाडं तर त्या माळावर नव्हतीच, म्हणून पा आणि लॉरा पाणथळ जागेतलं लांब गवत पिळून त्याच्या काड्या, म्हणजे छोटे ओंडके म्हणा, करतात आणि ते चुलीत घालतात. मी जनावरांच्या खाद्याच्या दुकानातून गवताचा एक गठ्ठा आणला. तो यंत्राने कापलेला, सगळ्या काड्या वीतभर, पीळ बसतच नाही, हातात नुसता भुगा. मग एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरचं उभं वाळलेलं गवत त्याच्या परवानगीने विळ्याने कापून आणलं, कमरेएवढं उंच, आणि मग जमलं. मूठभर गवत घ्यायचं, दोन हातांनी उलटसुलट पीळ देत जायचं, मध्ये दुमडलं की ते आपोआप एकमेकांवर चढतं, सुंभ वळताना होतं तसं, आणि टोकं पिळात खोचून टाकायची. अंगणातल्या शेगडीत पेटवून घड्याळ लावलं. घट्ट वळलेली काडी जेमतेम साडेतीन मिनिटं टिकली, सैल वळलेली दीड. आणि नवख्या हाताने एक वळायला लागतात दोन मिनिटं.

हा हिशोब मुलांनीच मांडला. म्हणजे चूल पेटती ठेवायची तर एका माणसाने दिवसभर दुसरं काही करायचंच नाही! एकाने विचारलं "मग ते झोपायचे कधी?" रात्री चूल विझायची आणि सगळे पांघरुणात, असं सांगितलं. वीस मिनिटांत सगळ्यांच्या तळव्यांवर बारीक चिरा, हातमोजे घातले तर पीळ कळत नाही. पुस्तकात या कामाबद्दल एवढी तक्रारही नाही, लॉरा फक्त लिहिते की हात सुजले, कापले गेले. मी हे पुस्तक आधी दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा ती पानं भरभर उलटली होती.

८ डिसेंबर

आज गाड्या का अडकल्या ते फळ्यावर काढून दाखवलं. मुलांना वाटत होतं बर्फ पडला म्हणजे रुळावर थोडा साचला, झाडून टाका. खरी अडचण खोदलेल्या भागांची, जिथे टेकाड कापून रूळ टाकलेत. वाऱ्याने तो चर काठोकाठ भरतो, माणसं फावड्याने उपसतात, तर काठावर टाकलेल्या बर्फामुळे चर आणखी खोल होतो आणि पुढच्या वादळात आणखी जास्त भरतो. ट्रेसीजवळच्या चराचं पुस्तकात फार छान वर्णन आहे, एक वरिष्ठ रेल्वे अधिकारी हट्टाने इंजिनं त्या भिंतीवर धडकवतो, इंजिन आत रुततं, त्याच्या उष्णतेने भोवतालचं बर्फ वितळतं आणि लगेच गोठून इंजिन बर्फाच्या ठोकळ्यात पक्कं. जानेवारीच्या सुरुवातीपासून डी स्मेटला एकही गाडी नाही. गाव शंभर माणसांच्या आतलं, रूळ त्याच वर्षी आलेले, पुरेसं पीकही अजून कुणाचं नाही. सगळं आगगाडीवर.

१२ जानेवारी

दळण. मी ज्या दिवसाची वाट बघत होते तो.

घरातलं पीठ संपतं, गावात मिळतो तो फक्त गहू, आणि दळायला साधन काय तर मा ची कॉफीची गिरणी. लाकडी डबी, वर फिरवायचा दांडा, खाली ड्रॉवर. जुन्या सामानाच्या बाजारात मला तशीच एक मिळाली, पाती साफ करून घेतली. गहू भारतीय दुकानातला. टेबलावर ठेवून पाळीपाळीने दळायचं ठरलं, वर चमचाभर गहू घालायचा आणि दांडा फिरवायचा.

पंचवीस मिनिटांत एक वाटी भरड मिळाली. पीठ नव्हे, भरडच, लापशीच्या रव्यासारखी, कोंड्यासकट. पहिली पाच मिनिटं सगळ्यांना मजा वाटली, कोण जास्त जोरात फिरवतो वगैरे. दहाव्या मिनिटाला बडबड थांबली. पंधराव्या मिनिटाला एक जण म्हणाला "मावशी आपण मिक्सर लावूया का", आणि मी नाही म्हटलं. मग नुसता तो घर्रर्र घर्रर्र आवाज आणि मधूनच दाणा अडकला की कटक. सहा माणसांना दिवसभराची भाकरी म्हणा ब्रेड म्हणा, त्यासाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गिरणी थांबून चालत नाही, आणि हे काम बरंचसं मेरी करते कारण त्याला डोळे लागत नाहीत. एका मुलीने वहीत लिहिलंय, "मेरीला सगळे म्हणायचे तू बस. पण ती दळत होती." मी त्यात काहीच दुरुस्त केलं नाही.

हा आवाज मी रेकॉर्ड करून सासूबाईंना पाठवला. त्या साताऱ्याकडच्या, माण तालुक्यातल्या, लग्न होऊन आल्यावर पहाटे जात्यावर बसलेल्या. संध्याकाळी त्यांचा फोन.

"अगं हे दळताय का काय? एवढं बारीक तोंड हाय व्हय त्याला? जात्याला निदान दोघी बसतात समोरासमोर, खुंट्याला दोन हात लागले की जड जात नाही. आन् गातात काय?"

मी म्हटलं, "आई, त्यांच्याकडे पा फिडल वाजवतो रात्री, पण दळताना गात नाहीत."

"मग लई अवघड," एवढंच म्हणाल्या.

१९ जानेवारी

तिळगूळ. त्या भरडीचा ब्रेड केला, मा करते तसा यीस्ट नाही दूध नाही, पीठ आणि पाणी उबेला ठेवून आंबवायचं. इडलीचं पीठ आंबवतो तसंच, त्यामुळे आयांना समजावून सांगावं लागलं नाही. घट्ट झाला, वीट. पण वास खमंग, आणि अकरा जणांत एक कणही उरला नाही. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आपण होऊन सांगितलं की आता दर आठवड्याला गोष्ट कुठवर आली ते त्यांना कळवायचं, "गाडी आली का नाही ते सांगत जा गं."

९ फेब्रुवारी

परवा ७ तारखेला लॉराचा वाढदिवस झाला, त्या हिवाळ्यात ती चौदाची झाली होती. आज मुलांना एक गोष्ट सांगितली जी पुस्तकात नाहीये.

त्या घरात त्या हिवाळ्यात सहा नाही तर जास्त माणसं होती. मास्टर्स नावाचं एक तरुण जोडपं त्यांच्याकडे राहत होतं, आणि त्यांचं बाळ तिथेच जन्मलं. लॉराने आधी, १९३० च्या सुमाराला, मोठ्यांसाठी आठवणी लिहिल्या होत्या, त्या 'पायोनियर गर्ल' नावाने टिपांसकट २०१४ साली छापल्या गेल्या, त्यात हे जोडपं आहे. कादंबरीत तिने त्यांना काढून टाकलं. तिची मुलगी रोझ वाइल्डर लेन स्वतः नावाजलेली लेखिका, ती हस्तलिखितावर काम करायची, आणि दोघींच्या पत्रांमध्ये अशा गोष्टींवर चर्चा असायची.

"म्हणजे खोटं लिहिलं?" लगेच प्रश्न. मी म्हटलं तुम्हीच सांगा. एक म्हणाला खोटं. एक म्हणाली बाळ काढायला नको होतं, बाळ इंटरेस्टिंग आहे. मग नववीतला एक दादा जो मदतीला येतो तो म्हणाला, की सहाच जण असले की कोण काय खातंय ते वाचणाऱ्याला मोजता येतं, आठ-नऊ झाले की गर्दी होते. मला हे पटलं. त्या पुस्तकातली भूक आपल्याला कळते ती ताटांवरूनच, बटाटे किती उरले, कुणी अर्धा ठेवला, पा ने कुणाला दिला. तरी त्या बाळंतिणीचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, त्या थंडीत, त्या घरात. तिच्या वाट्याची एकही ओळ कादंबरीत नाही. एका मुलीने वहीत तिच्यासाठी अर्धं पान मोकळं सोडलंय.

२ मार्च

बियाणाचा दिवस. आज वर्ग दोन तास जास्त चालला.

आल्मान्झो वाइल्डर, ज्याच्याशी लॉराचं पुढे लग्न होतं, तो आणि त्याचा भाऊ गावात एकटे राहतायत. त्याने पेरणीसाठी ठेवलेला गहू खोलीत खोटी भिंत घालून तिच्यामागे लपवलाय. गावात लोक उपाशी पडू लागलेत. पा ला संशय येतो, खोली आतून लहान वाटते बाहेरून मोठी, तो बादली घेऊन जातो, भिंतीतलं बूच काढतो आणि बादली भरून घेतो, पैसे देऊन. पण सगळं बियाणं मागत नाही. मग आल्मान्झो आणि गावातलाच एक तरुण कॅप गार्लंड हे दोघं, दक्षिणेला कुठेतरी एका माणसाकडे गहू आहे एवढ्याच ऐकीव माहितीवर, घोडे-स्लेज घेऊन दोन वादळांच्या मधल्या उघडिपीत जातात आणि गहू घेऊन येतात. जीव धोक्यात घालून. का, तर बियाणं वाचावं म्हणून.

वर्गात दोन तट. एका बाजूचं म्हणणं, माणसं मरतायत आणि तू बियाणं लपवतोस? दुसऱ्या बाजूला फारसं कुणी नव्हतं. म्हणून मी आईंना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रात्र झाली होती पण जाग्याच होत्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगायला लागल्या ते १९७२ चं. दोन वर्षं पाऊस नाही, विहिरी तळाला, जनावरं विकली नाहीतर सोडली. खडी फोडायच्या कामावर जायच्या, तिथे सुकडी मिळायची. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेतनं आलेली लाल ज्वारी, भाकरी थापली की चिरायची आणि रंग असा की पोरं तोंड फिरवायची. "ते तुमच्याकडनंच यायचं," आजी मुलांना म्हणाल्या, आणि मुलं एकमेकांकडे बघायला लागली. आणि घरात कोपऱ्यात कणगी होती, तोंड शेणामातीनं लिंपलेली, आत बाजरीचं बियाणं. सगळ्यांना माहीत होतं आत काय आहे. सासऱ्यांनी सांगून ठेवलेलं, हात लावायचा नाही.

"आजी, पण भूक लागली असेल ना?"

"लागायची की. रातच्याला मी त्या कणगीकडं पाठ करून झोपायची."

कोणी काही बोललं नाही. मग एकाने विचारलं, समजा घरातलं कुणी मेलं असतं तर? आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या तसं झालं असतं तर फोडली असती, कुणी विचारलं नसतं, पण आम्ही मिलो खाल्ला म्हणून वेळ आली नाही. "त्या पोरानं बरोबर केलं. दुसरीकडनं आणलं ना? घरी बसून राहिला असता तर मग मी त्याला बोलले असते."

२३ मार्च

दुकानदाराचा प्रसंग. आणलेल्या गव्हाचे बुशेलला सव्वा डॉलर दिलेले, आणि ज्या दुकानदार लॉफ्टसने ते पैसे घातले तो आता तीन डॉलर मागतो. (बुशेल म्हणजे गव्हाचं माप, २७ किलोच्या आसपास.) गावकरी चिडतात, पा मधे पडतो, आरडाओरडा न करता त्याला समजावतो की हिवाळा कधीतरी संपेल आणि तेव्हा आम्ही कुठे खरेदी करायची ते आम्ही ठरवू. तो भाव उतरवतो. मुलांनी याचं छोटं नाटुकलं केलं, लॉफ्टस झालेल्या मुलाने इतकं मनापासून केलं की त्याला नंतर राग आला होता.

मला मात्र आज दुसरंच पान सांगायचं होतं. पा फिडल काढतो आणि वाजवता येत नाही. बोटं थंडीने आणि गवत वळून जाड झालीत, ताठ झालीत. तो फिडल परत पेटीत ठेवतो. आमच्या घरात नोव्हेंबरमध्ये तळव्यांना चिरा पडलेल्या, त्यामुळे मुलांना मी काही समजावलं नाही, दोघा-तिघांनी नकळत आपले हात उघडून बघितले.

२० एप्रिल

वह्या शिवून झाल्या. हवामानाचं एक पान मोठ्या मुलांनी केलं, बार्ब मेज बूस्टेड या हवामानशास्त्रज्ञ बाईंनी जुन्या नोंदी तपासून दाखवलंय की १८८०-८१ चा हिवाळा त्या भागातल्या अतिकडक हिवाळ्यांपैकी खरोखरच होता, म्हातारपणी वाढवून सांगितलेली आठवण नव्हे. आल्मान्झोचं वय मात्र लॉराने कमी केलंय, तो खरा तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. हेही लिहिलंय वहीत.

३ मे

डी स्मेट. चार गाड्या, अकरा मुलं, आया-बाबा, आणि डब्यात भरडीचा ब्रेड आणि गूळ. हायवे १४ धरला, त्याला लॉराचंच नाव दिलंय, ट्रेसी, व्होल्गा अशी पुस्तकातली स्टेशनं एकेक करून लागतात आणि रूळ बराच वेळ सोबत असतात. ट्रेसीपासून डी स्मेट गाडीने दोन तासांच्या आत. मुलं मागे मोजत होती. त्या हिवाळ्यात आगगाडीला त्याच अंतरासाठी चार महिने लागले होते.

लॉफ्टसचं दुकान अजून आहे. पा ने लावलेली कॉटनवूडची झाडं उभी आहेत, वारा सुटला की पानं पिंपळासारखी सळसळतात. वारा तर थांबतच नव्हता, मे महिन्यातही टोप्या उडत होत्या. स्मशानात पा, मा, मेरी, कॅरी, ग्रेस, सगळे जवळजवळ. लॉरा इथे नाही, ती मिझुरीत, १९५७ साली गेली. तिथेच गवतावर बसून शेवटची प्रकरणं सांगितली, गाडी येते, नाताळचं पिंप मे महिन्यात पोचतं, त्यात अजून गोठलेली टर्की, आणि पा ची बोटं पुन्हा चालायला लागतात.

आईंना फोन लावला. स्पीकरवर ठेवला, सगळी मुलं भोवती.

"आजी, गाडी आली!"

"आली? काय आलं पहिल्यांदा गाडीतनं?"

मुलांचा आवाज जरा पडला, कारण पहिल्यांदा येतात ती मुख्यतः शेतीची अवजारं आणि तारेचे खांब, खायचं अगदी थोडं. तसं सांगितलं त्यांना.

"अवजारं आली? मग बरंय की," आजी म्हणाल्या. "आन् त्या पोराचं बियाणं राहिलं का?"

राहिलं, अकरा जण एकदम ओरडले.

"पेरलं?"

मी पुस्तक उघडलं आणि ते वाक्य शोधायला लागले.